माळढोकाचं वजन किती?

बालमित्रांनो, पुढचा उतारा सावकाश वाचा.

‘माळढोकाच्या नराचं वजन १५ किलोपर्यंत भरतं. मादी उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडं घालते. गुरांचा पाय पडला की ते फुटतं. उडताना या पक्ष्याला समोरचं नीट दिसत नाही, त्यामुळे तो विजेच्या तारांवर आदळतो. माळरानंही नांगराखाली गेली. सोलापूरजवळ नान्नजला १९७९ साली अभयारण्य झालं. तरी तिथं आता माळढोक क्वचितच दिसतो.’

आता याला शीर्षक द्या बरं! आमच्या वळसंगच्या वर्गात निम्मी पोरं ओरडली, “गुरुजी, पंधरा किलोचा पक्षी!” वजन भारी खरं, लक्षातही तेच राहतं. पण मग अंडं, तारा, नांगर उताऱ्यात आले कशाला? (पालकहो, उत्तरं पाठ करून घेण्यापेक्षा ‘हे वाक्य इथं का आलं?’ एवढंच मुलांना विचारत चला.)

एक मुलगी म्हणाली, “माळढोक.” हा झाला विषय. पण त्याच्याविषयी लेखक सांगतोय काय? तिनं पुन्हा वाचलं. “माळढोक नाहीसा होत चाललाय!” शाब्बास! हा मुख्य मुद्दा. गंमत म्हणजे हे वाक्य उताऱ्यात कुठंच लिहिलेलं नाही. फुटणारं अंडं, तारा, नांगरलेला माळ हे त्याला आधार देणारे तपशील.

मग वजनाचं वाक्य फुकट गेलं का? जड पक्ष्याला ऐन वेळी झटकन वळता येत नाही. ते वाक्य आता तारांच्या वाक्याशेजारी ठेवून वाचा.