शेकड्याचा हिशेब (७) : गेलेला पाचवा हिस्सा परत आणताना

या आठवड्यात ‘५० + २०’ टक्के सवलतीच्या पाट्यांवर लिहायचं कबूल केलं होतं. ते आज राहू द्या. मिरजेहून एका वाचक ताईंचं पत्र आलंय, आणि ज्या विषयाची मी इतकी वर्षं वाट पाहत होतो तो त्यांनी आपणहून हातात ठेवलाय.

ताईंनी सेलमध्ये कुकर घेतला. वीस टक्के सवलत, बिल १,९२० रुपये. तो त्यांच्या जावेला आवडला, तिलाही तसाच हवा होता. मूळ किंमत किती होती ते ताईंना आठवेना, बिलावर ती नव्हती, आणि खोकं केव्हाच रद्दीत गेलं होतं. म्हणून त्यांनी १,९२०चे वीस टक्के काढले, ३८४. ते मिळवून २,३०४ असं जावेला सांगितलं. सेल संपल्यावर जाऊबाई तेवढे पैसे मोजून घेऊन गेल्या, तर खोक्यावर छापलेले २,४००! चार दिवसांत भाव चढवला, असं दोघींचं ठरलं. तरी ताईंच्या मनातून शंका जाईना. त्या विचारतात, हे वरचे ९६ रुपये आले कुठून?

ताई, दुकानदारानं भाव चढवलेला नाही. सवलत कापली गेली २,४०० रुपयांवर, म्हणजे ४८० रुपये. तुम्ही ती भरून काढायला गेलात १,९२० रुपयांवर. टक्का तोच, पण ज्याचा टक्का काढायचा ती रक्कमच आटली होती. कमी पडलेले ९६ म्हणजे त्या कापलेल्या ४८०चेच वीस टक्के.

मग बरोबर उत्तर कसं काढायचं? शाळेत शिकवतात तसं ‘मूळ किंमत क्ष मानू’ म्हणून काढता येतं, पण बाजारात उभ्या उभ्या ते कोण करणार? मला यातली खुबी शिकवली ती पुण्यात लक्ष्मी रोडवरच्या एका कापड दुकानातल्या दिवाणजींनी. कॉलेजात असताना दोन दिवाळ्या मी तिथे ताके उलगडायला आणि घड्या घालायला होतो. दिवाणजींच्या तोंडी टक्का क्वचितच यायचा. ते हिश्श्यांत बोलायचे. एकदा सवलतीच्या भावावरून मूळ भाव काढताना मी नेमकी ताईंसारखीच चूक केली. तेव्हा त्यांनी पाच गुंड्या टेबलावर मांडल्या आणि एक उचलली. म्हणाले, “पाचातली एक गेली. राहिल्या किती? चार. आता गेलेली परत आणायची, तर ती या चारांची कितवी?”

चौथी. पाचवा हिस्सा गेला, तर उरलेल्याचा चौथा हिस्सा मिळवायचा. १,९२०चा पाव हिस्सा ४८०, झाले २,४००. चौथा गेला असेल, म्हणजे पंचवीस टक्के, तर उरलेल्याचा तिसरा मिळवा. निम्मी किंमत गेली असेल तर उरलेलं सगळंच दुप्पट करा.

पुढे बऱ्याच वर्षांनी ना. ह. फडके यांचं ‘लीलावती पुनर्दर्शन’ वाचत होतो. विलोमविधीपाशी आलो, म्हणजे शेवटच्या उत्तरापासून उलटं चालत मूळ संख्येला पोचायची रीत, आणि दिवाणजींच्या गुंड्याच समोर आल्या! भास्कराचार्य सांगतात : एखाद्या राशीतून तिचाच काही अंश वजा झाला असेल, तर उलट जाताना छेदातून अंश वजा करून तो नवा छेद घ्या, अंश आहे तसाच ठेवा, आणि वजाच्या जागी मिळवा. एक पंचमांश गेला? पाचातून एक वजा, चार. एक चतुर्थांश मिळवा.

दिवाणजींच्या रीतीपेक्षा हा नियम एक पाऊल पुढे आहे, कारण अंश एकच असला पाहिजे असं नाही. चाळीस टक्के म्हणजे दोन पंचमांश. पाचातून दोन गेले, तीन. म्हणून दोन तृतीयांश मिळवायचे. सवलतीत १,२०० रुपयांना मिळालेली साडी? १,२००चे दोन तृतीयांश ८००, मूळ किंमत २,०००. तीस टक्के म्हणजे तीन दशांश, तिथे तीन सप्तमांश मिळवा : १,४०० रुपयांत ६०० घातले की पुन्हा २,०००. भास्कराचार्यांचा मूळ ‘लीलावती’ ग्रंथ ११५०च्या सुमाराचा आहे, आणि आजच्या सेलमध्ये त्यातला नियम जसाच्या तसा चालतो.

इथे थोडं आडवाटेला जातो. चाळीसगावजवळच्या पाटण इथे एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव यानं आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ काढला, त्याला दिलेल्या दानाचा हा लेख, शके ११२८चा. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो उजेडात आणला. लेखाचा बराच भाग संस्कृतात आहे, पण शेवट जुन्या मराठीत. त्यात म्हटलंय की पाटणच्या बाजारात जे केणे, म्हणजे विक्रीचा माल, उघडेल त्यावर ग्राहकाकडून राजाला मिळणारा हिस्सा या मठाला दिला आहे. गणिताच्या अभ्यासाचा खर्च बाजारात खरेदी करणाऱ्यांच्या पैशातून! मी ते वाचलं तेव्हा गहिवरून आलं होतं.

परत बाजारात येऊ. नियम मिळवण्याच्या बाजूनंही चालतो, फक्त तिथे छेदात अंश मिळवायचा. टूथपेस्टच्या खोक्यावर ‘२५ टक्के जादा’ लिहिलेलं असतं. एक चतुर्थांश जास्त, म्हणून चार अधिक एक, पाच. ही वीस टक्क्यांची सवलत झाली, पंचवीसची नव्हे. शेजारच्या पेस्टवर बावीस टक्के थेट सवलत असेल, तर स्वस्त तीच.

पंचवीस आणि वीस टक्क्यांच्या याच जोडीचा एक वाईट उपयोगही होतो आणि त्याचा मला मनापासून राग आहे. ८०० रुपयांच्या वस्तूवर पंचवीस टक्के चढवून १,०००ची चिठ्ठी लावायची, मग ‘वीस टक्के सूट’ म्हणून ती ८००लाच विकायची. डबाबंद मालावर सगळ्या करांसह कमाल किंमत छापावी लागते, म्हणून तिथे दुकानदाराला आपली चिठ्ठी चढवता येत नाही. फर्निचर, पडदे, भरतकामाच्या वस्तू अशा ठिकाणी जपा. मला विचाराल तर अशा दुकानात सवलतीच्या पाटीकडे पाहूच नये. तीच वस्तू आणखी दोन ठिकाणी केवढ्याला आहे तेवढंच विचारावं.

‘५० + २०’ आता पुढच्या आठवड्यात. तुमच्याकडे दोन सवलती एकत्र लागलेली बिलं असतील तर पाठवा. आणि रुपयांचं कूपन वापरलं असेल, तर ते टक्क्यांच्या आधी वजा झालं की नंतर, एवढं जरूर कळवा.