कारवानीचे दुखरे बोट

लातूर-नांदेडच्या शिवारात कारवानी कुत्रे दिसले, की पाहणारा क्षणभर थांबतोच. लांब निमुळते तोंड, आत गेलेले पोट, उंच सडसडीत पाय. चाकूर तालुक्यातील जानवळ हे गाव तर या जातीसाठीच ओळखले जाते. आखूड केसांचा तो कारवानी आणि कानांवर, शेपटीवर रेशमी केस असलेला तो पश्मी, असा भेद केला जातो. वन्यजीव संरक्षण कायद्याखाली सशाची शिकार आज गुन्हा आहे. त्यामुळे हा कुत्रा आता मुख्यतः शेताची राखण करतो. धावण्याची ओढ मात्र कायद्याने जात नाही, आणि तिची किंमत बहुधा पंजाला मोजावी लागते.

कुत्रा तळव्यावर नव्हे, बोटांवर चालतो. प्रत्येक पंजाची चार बोटे जमिनीला टेकतात; त्यांतही मधल्या दोन बोटांवर सर्वाधिक भार असतो. नख हे बोटाच्या शेवटच्या हाडातूनच वाढते. म्हणूनच भरवेगात वळताना ते उन्हाळ्यात भेगाळलेल्या काळ्या जमिनीत किंवा तुरीच्या धसकटात अडकले, तर झटका नखापुरता राहत नाही. सांधा निखळतो, कधी हाड मोडते. बोट वाकवणारी कंडरा तुटली, तर कुत्रा उभा असताना त्या बोटाचे नख वर उचललेले दिसते. ही खूण कुणालाही ओळखता येते. पण लंगडणे दोन दिवसांत कमी झाले, की ती दुर्लक्षिली जाते.

ताजी इजा असेल तर आधारपट्टी आणि काही आठवड्यांची सक्त विश्रांती पुष्कळदा पुरते. बोट काढण्याची वेळ येते ती हाडाचा चुरा झाल्यावर, सांधा पुन्हा पुन्हा निखळून वेदना कायम राहिल्यावर, किंवा आत राहिलेल्या बाभळीच्या काट्यामुळे झालेला पू हाडापर्यंत पोचल्यावर. वयस्कर कुत्र्याच्या नखाशी असलेली, औषधाने न हटणारी सूज हा निराळा विषय आहे. तेथे कर्करोगही असू शकतो, विशेषतः काळ्या रंगाच्या कुत्र्यांत. अशा वेळी क्ष-किरण तपासणी आणि तुकडा तपासणे टाळू नये.

कोणते बोट जाते, याला फार महत्त्व आहे. कडेचे बोट काढलेला कुत्रा बहुधा पूर्वीसारखा धावतो. मधले गेले, तर भार शेजारच्या बोटावर येतो. घरात तो नीट चालेल, परंतु खडकाळ माळावरचा त्याचा वेग पूर्वीइतका राहीलच असे नाही. परदेशांत शर्यतीच्या ग्रेहाउंडचे मधले बोट शक्यतो वाचवण्याकडे पशुवैद्यकांचा कल असतो, तो यामुळेच. तरीही सडलेले हाड केवळ वेगाच्या मोहापायी ठेवणे हा निव्वळ क्रूरपणा होय.

घरगुती उपायांत सर्वांत घातक म्हणजे घट्ट आवळलेली चिंधी. रक्तपुरवठा तुटून वाचू शकणारे बोटही मरते. माणसांच्या वेदनाशामक गोळ्या तर देऊच नयेत. पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन कुत्र्याला विषासारखे बाधू शकतात. ढोरांच्या दवाखान्यात सोय नसल्यास उदगीरचे पशुवैद्यकीय महाविद्यालय जिल्ह्यातच आहे.

शस्त्रक्रिया पूर्ण भुलीखाली होते आणि टाके साधारण १० ते १४ दिवसांनी निघतात. तोवर पट्टी कोरडी ठेवावी, जखम चाटू देऊ नये. कारवानीच्या बाबतीत खरे अवघड काम निराळेच असते. चौथ्या दिवशी बरे वाटू लागलेल्या या कुत्र्याला बांधून ठेवणे.