‘आढळला नाही’ आणि ‘उरला नाही’ : एच.आय.व्ही.च्या गणिताविषयी

या विद्यालयातील दिवंगत गणितशिक्षकांच्या स्मृत्यर्थ चालणाऱ्या व्याख्यानमालेत मराठीचा एक निवृत्त प्राध्यापक गणितावर बोलणार, याचे इंद्रवेल्लीकरांना नवल वाटले असेल. विषय मीच मागून घेतला. त्यास कारण घडले. माझा एक माजी विद्यार्थी एच.आय.व्ही.बाधित होता. औषधांनी त्याची प्रकृती सुधारली. तपासणीच्या कागदावर ‘विषाणू आढळला नाही’ असा शेरा आला आणि आपण रोगमुक्त झालो या समजुतीने त्याने गोळ्या सोडल्या. पुढे क्षयाने तो गेला. ‘आढळला नाही’ आणि ‘उरला नाही’ या दोन वाक्यांत केवढे अंतर आहे, हे त्याला कोणी सांगितले नव्हते. आयुष्यभर भाषा शिकविणाऱ्याला ही गोष्ट जिव्हारी लागली. ते अंतर मला पुढे गणिताने समजावून दिले. तेच येथे मांडतो.

रोगाचे गणित करण्याची परंपरा आपल्याला अगदीच परकी नाही. १९२७ साली केरमॅक आणि मॅकेन्ड्रिक या ब्रिटिश संशोधकांनी साथीच्या गणितावर जो प्रसिद्ध निबंध लिहिला, त्यात त्यांनी आपली समीकरणे मुंबईतील १९०५-०६ च्या प्लेगमृत्यूंच्या आकड्यांशी ताडून पाहिली. मॅकेन्ड्रिक यांची पूर्वीची बरीच नोकरी हिंदुस्थानात झाली होती. लोकांचे निरोगी, आजारी आणि आजारातून सुटलेले किंवा दगावलेले असे तीन वर्ग करायचे व एका वर्गातून दुसऱ्या वर्गात किती जण जातात याचा हिशेब ठेवायचा, ही त्यांची पद्धत. उंदीर आणि पिसवा यांचा विचार न केल्यामुळे मुंबईच्या प्लेगचे ते चित्र अपुरे होते. पद्धत मात्र टिकली.

एच.आय.व्ही.च्या गणिती प्रतिमानात गावाच्या जागी शरीर येते आणि माणसांच्या जागी पेशी. रक्तातील सीडी-४ नावाच्या पांढऱ्या पेशी रोगप्रतिकाराचे सूत्रचालन करतात. विषाणू नेमका त्यांच्यातच शिरतो. म्हणून खाती तीन : निरोगी पेशी, बाधित पेशी आणि मुक्त विषाणू. प्रत्येक समीकरण म्हणजे निव्वळ जमाखर्च. निरोगी पेशी रोज नव्या निर्माण होतात, ही जमा. काही स्वाभाविकपणे मरतात आणि काही बाधित होतात, हा खर्च. या बाधित पेशी दुसऱ्या खात्यात जमा होतात. तेथे काहींना विषाणू मारतो, तर काहींना शरीराच्या मारक पेशी. बाधित पेशींतून बाहेर पडणारे विषाणू तिसऱ्या खात्यात येतात आणि शरीर त्यांचा निचरा करीत राहते.

आता मुख्य कोडे. उपचार न घेतलेल्या बाधिताच्या रक्तातील विषाणूंची संख्या सुरुवातीच्या काही आठवड्यांनंतर वर्षानुवर्षे फारशी बदलत नाही. माणूस हिंडतो-फिरतो, काम करतो. यावरून या काळात विषाणू निद्रिस्त असतो, असे पुष्कळ काळ मानले जाई. पावसाळ्यातील आपला एखादा तलाव डोळ्यांसमोर आणा. पाण्याची पातळी आठ दिवस तीच दिसते. याचा अर्थ पाणी थांबले आहे, असा होईल काय? ओढ्याने जेवढे येते तेवढेच सांडव्यावाटे जात असेल, तरीही पातळी तीच राहील. नुसत्या पातळीकडे पाहून प्रवाह कळत नाही. ओढा क्षणभर अडवा. पाणी किती वेगाने उतरते यावरून रोज किती पाणी येत-जात होते, ते काढता येईल.

जानेवारी १९९५ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात एकाच वेळी प्रसिद्ध झालेल्या दोन निबंधांनी हेच केले. डेव्हिड हो आणि जॉर्ज शॉ यांच्या दोन स्वतंत्र गटांनी रुग्णांना नवी औषधे देऊन विषाणूंच्या निर्मितीचा ओढा अडविला आणि रक्तातील संख्या कशी उतरते ते मोजले. १९९६ साली हो आणि गणितज्ञ ॲलन पेरेलसन यांनी सहकाऱ्यांसह पाच रुग्णांवरून अधिक बारकाईने हिशेब केला. मुक्त विषाणूंची संख्या सुमारे ६ तासांत निम्मी होत होती आणि बाधित पेशींची सुमारे दीड दिवसात. रोज किमान १,००० कोटी विषाणू निर्माण होऊन तितकेच नष्ट होत होते. ज्याला शांतता समजले गेले, ते अखंड युद्ध होते आणि प्रतिकारशक्ती त्यात रोज झिजत होती.

या आकड्याने उपचाराची दिशा पक्की केली. हा विषाणू स्वतःची नक्कल करताना वरचेवर चुका करतो. रोज १,००० कोटी नकला होत असतील, तर एका औषधाला न जुमानणारा विषाणू त्यांत निपजणारच. असा विषाणू लाखात एक असतो असे क्षणभर धरा. मग तिन्ही औषधांना एकदम दाद न देणारा विषाणू लाख गुणिले लाख गुणिले लाख एवढ्यांत एखादाच सापडेल. तीन औषधे एकत्र आणि नियमाने घ्यायची, ती या गुणाकारासाठी.

गणिताची मर्यादाही सांगितली पाहिजे. १९९७ साली पेरेलसन यांच्या गटाने काढले, की दोन ते तीन वर्षांच्या पूर्ण उपचाराने ज्ञात बाधित पेशी संपतील. अज्ञात साठा असेल तर मात्र हा हिशेब चुकेल, हेही त्यांनी सांगितले होते. तसा साठा खरोखरच निघाला. काही सीडी-४ पेशी विषाणूचा आराखडा पोटात घेऊन वर्षानुवर्षे निजून राहतात. शेत वरून स्वच्छ दिसावे आणि हराळीच्या मुळ्या जमिनीत असाव्यात, तसेच हे. १९९९ च्या एका अभ्यासात हा साठा निम्मा होण्यास सुमारे ४४ महिने लागतात असे दिसले. त्या गतीने तो संपण्यास ६० वर्षेही लागू शकतील. गोळ्या थांबल्या, की बहुतेकांत काही आठवड्यांतच विषाणू रक्तात परततो.

‘आढळला नाही’ याचा अर्थ एवढाच, की औषधाने ओढा अडवून धरला आहे. हे यश लहान नव्हे. ज्याच्या रक्तात औषधामुळे विषाणू सातत्याने आढळत नाही, त्याच्याकडून लैंगिक संबंधांतून दुसऱ्याला बाधा होत नाही. त्याच्याशी अंतर राखून वागण्याला शास्त्राचा काडीचाही आधार नाही. ‘उरला नाही’ असे म्हणण्याचा दिवस मात्र अद्याप यायचा आहे. १ एप्रिल २००४ पासून आपल्या देशात ही औषधे सरकारतर्फे विनामूल्य मिळू लागली. ती घेणाऱ्या कोणाही आप्तस्वकीयाला या दोन वाक्यांतील फरक आपण समजावून द्यावा, एवढीच विनंती. माझ्या विद्यार्थ्याला तो सांगायचा माझ्याकडून राहून गेला.