लोकशाहीने समाज स्थिर होतो काय?

आमच्या आंबोलीच्या परिसरातील वृद्ध माणसांच्या तोंडी एक वाक्य नेहमी असते : "संस्थानात गाव शांत होतो. मतदान इला, नि घराघरात झगडे लागले." गेल्या संविधान दिनी आपल्या एका विद्यार्थ्याने हेच वाक्य पुढे करून विचारले, की मग लोकशाहीने समाज स्थिर होतो असे पुस्तकात का लिहितात? प्रश्न रास्त आहे. त्याला घोषणेने उत्तर देऊन भागणार नाही.

आंबोली ही सावंतवाडी संस्थानातली. १९२४ ते १९३७ या काळात राज्य केलेल्या बापूसाहेब महाराजांचे नाव आजही 'पुण्यश्लोक' म्हणून घेतले जाते व त्यात वावगे काही नाही. परंतु १९३७ साली ते वारले तेव्हा वारस शिवरामराजे जेमतेम दहा वर्षांचे होते. चांगला राजा मिळणे हा योग आणि तो टिकणे हाही योग; प्रजेच्या हाती दोन्ही नाहीत. १९४८ साली संस्थान विलीन झाले आणि पुढे हेच शिवरामराजे मते मागून विधानसभेत गेले. राजघराण्याचा मान गेला नाही; मात्र त्याची वाट आता मतदाराच्या दारावरून जाऊ लागली.

राहिला प्रश्न शांततेचा. ज्या खात्यावर वर्षानुवर्षे देणेघेणे होत नाही, त्याला आम्ही बँकेत निष्क्रिय खाते म्हणतो, स्थिर खाते म्हणत नाही. गावकुसाबाहेरच्या माणसाने पाणवठ्यावर जायचे नाही, देवळाच्या पायरीवर चढायचे नाही, आणि त्याबद्दल बोलायचेही नाही, अशा गावात भांडण होणार तरी कोणाशी? ज्याला बोलताच येत नव्हते त्याच्या गप्प बसण्याला आपण स्थैर्य समजत आलो.

२२ डिसेंबर १९५२ रोजी पुण्यात वकिलांपुढे केलेल्या भाषणात परमपूज्य बाबासाहेबांनी लोकशाहीची जी व्याख्या केली, ती येथे उपयोगी पडते. लोकांच्या आर्थिक व सामाजिक जीवनात क्रांतिकारक बदल रक्त न सांडता घडवून आणणारी शासनपद्धती ती लोकशाही, असा तिचा आशय आहे. म्हणजे बाबासाहेबांनी लोकशाहीकडे स्थैर्य मागितलेच नाही, बदल मागितला. माझ्या मते टिकाऊ स्थैर्य येते ते याच वाटेने.

याचे उदाहरण आपल्या कोकणातच आहे. रत्नागिरी व कुलाबा जिल्ह्यांत खोती होती. खोत सरकारचा सारा भरी आणि कुळाकडून पिकाचा वाटा, वर वेठबिगार घेई. कूळ महार असो वा कुणबी, खळ्यावरचे भात खोताच्या डोळ्यांदेखत मोजले जाई. चरीच्या शेतकऱ्यांनी १९३३ साली संप पुकारला. १९३९ पर्यंत जमिनी पडीक राहिल्या, माणसे उपाशी राहिली. कूळ व मालक यांच्यात डोकी फुटण्यास याहून वेगळे निमित्त लागत नाही. त्याच सुमारास, १७ सप्टेंबर १९३७ रोजी, बाबासाहेबांनी मुंबईच्या विधानसभेत खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले आणि १० जानेवारी १९३८ रोजी हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा कौन्सिल हॉलवर नेला. विधेयक तेव्हा मंजूर झाले नाही. तेव्हाच्या मतदारयाद्यांत मालमत्ता किंवा शिक्षण असलेल्यांचीच नावे असत. कुळांपैकी बहुतेकांना मतच नव्हते. तरीही एकदा सभागृहाच्या पटलावर आलेली मागणी पुन्हा खळ्यावर ढकलता आली नाही. १९४९ साली खोती रद्द करणारा कायदा झाला. शतकांची खोती गेली ती अर्ज, संप, मोर्चा आणि विधेयक यांच्या वाटेने. कायद्यातल्या पळवाटा व कोर्टातले खेटे पुढे कितीतरी वर्षे चालले, हेही खरेच. पण ते खेटे कोर्टातच झाले.

तथापि मतमोजणी म्हणजेच लोकशाही असे मानले, तर उलटाही अनुभव आहे. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव २७ जुलै १९७८ रोजी दोन्ही सभागृहांनी संमत केला. ठराव रीतसर होता. लागलीच मराठवाड्यात वस्त्या जळाल्या, माणसे मारली गेली, आणि ठरावाला नामविस्ताराच्या रूपाने फळ यायला १४ जानेवारी १९९४ उजाडावे लागले. सभागृहात एकमत झाले होते, ते गावात पोचले नव्हते.

दुसरा दाखला आपल्याला अधिक बोचणारा आहे. श्रीलंकेत १९३१ पासून प्रौढ मताधिकार आहे, आणि तो देश बौद्धबहुल आहे. तेथे १९५६ साली निवडून आलेल्या सरकारने सिंहली हीच एकमेव राजभाषा केली. बहुमताने, कायद्याने. तमिळ भाषिकांना वाटू लागले, की या सभागृहात आपण कधीच जिंकणार नाही. १९८३ ते २००९ असे पंचवीस वर्षांहून अधिक काळ तेथे यादवी युद्ध चालले. आपण बौद्ध आहोत म्हणून या इतिहासाकडे डोळेझाक करणे बरे नव्हे. आज हरलेल्याला उद्या जिंकण्याची आशा हवी. ती संपली की मतपेटीवरचा त्याचा विश्वास उडतो. बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात स्वातंत्र्य व समता यांच्या जोडीला बंधुता अटळ मानली, ती यासाठीच.

तथागतांनी हे फार पूर्वी ओळखले होते. अजातशत्रूचा मंत्री वस्सकार वज्जींवर स्वारीचा विचार घेऊन आला, तेव्हा महापरिनिब्बान सुत्तानुसार तथागतांनी वज्जींच्या सैन्याची चौकशी केली नाही. ते वारंवार सभा भरवतात काय, एकोप्याने जमतात व एकोप्याने उठतात काय, हे त्यांनी आनंदाला विचारले. पुढे वस्सकाराने वैशालीत राहून एकमेकांविषयी संशय पेरला. अट्ठकथा सांगते, की शत्रू आला तेव्हा भेरी वाजली, पण कोणी जमले नाही.

आपल्याकडे भेरीऐवजी नोटीस लागते. ग्रामसभेची गणपूर्ती मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० मतदार, यांपैकी जी संख्या कमी असेल ती. तेवढी माणसे न आल्यास सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही. मग जे दहा-बारा जण येतात, त्यांच्यापुढे घरकुलाची यादी वाचली जाते. ज्याचे नाव यादीत नाही तो त्या वेळी रानात असतो, नाही तर मुंबईच्या गाडीत.