दात आणि भुगा
लेखमाला : पाताळाची वाट | लेखांक ७

होळी झाली की कर्जत-खालापूरच्या रस्त्यांवर बोअरच्या गाड्या दिसू लागतात. एका ट्रकवर आडवा झोपवलेला मनोरा, दुसऱ्यावर कंप्रेसर आणि रॉडची चळत. यांतल्या कित्येक गाड्या तमिळनाडूतल्या तिरुचेंगोडच्या असतात, कारण बोअरच्या धंद्यात त्या गावाचं नाव देशभर आहे. पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस झेलणाऱ्या या दोन तालुक्यांत एप्रिल-मे महिन्यांत वाड्या-पाड्यांवर हंडे रांगेला लागतात. पडलेलं पाणी उतारावरून उल्हास आणि पाताळगंगेत वाहून जातं आणि खाली काळा कातळ फार थोडं धरून ठेवतो. जे धरतो ते भेगांत आणि झिजलेल्या, सच्छिद्र थरांत. त्या भेगेपर्यंत पोचायचं तर कातळ फोडावाच लागतो.

मागच्या लेखांकात आपण तेलविहिरीचा मनोरा आणि एकाला एक जोडत जाणारे रॉड पाहिले. आज पाहायचं ते त्या रॉडच्या शेवटच्या टोकाला काय असतं ते. कामगार त्याला बिट म्हणतात. मुंबई हायच्या समुद्रातली तेलविहीर असो की चौकजवळच्या आमराईतली बोअर, बिटापुढचे प्रश्न दोनच असतात. खडक फोडायचा कसा, आणि फोडलेल्याचा भुगा वर आणायचा कसा? शोधांच्या इतिहासात पहिल्या प्रश्नाचा गाजावाजा जास्त झाला. पण जात्यातून पीठ बाहेर पडलं नाही तर पाळी कितीही टाकली असली तरी दळण पुढे सरकत नाही. दीडशे वर्षांत खोदाईची अवजारं जिथे जिथे मोठी झेप घेऊन गेली, तिथे भुग्याची वाट आधी मोकळी झालेली दिसते.

कातळ फोडण्याचा जुना मार्ग याच तालुक्यांच्या माथ्यावर अजून पाहायला मिळतो. १८५६ साली बोरघाटातल्या रेल्वेमार्गाचं काम सुरू झालं आणि १८६३ मध्ये गाडी घाट चढली. कर्जत-पळसदरीपासून खंडाळ्यापर्यंत पंचवीस बोगदे खोदले गेले, तेही डायनामाइटचा शोध लागण्याआधी. एकाने पहार धरून प्रत्येक ठोक्याला थोडी फिरवायची, दुसऱ्याने घण घालायचा, हातभर खोल भोक झालं की त्यात बंदुकीची दारू ठासायची. मधूनमधून पाणी ओतून, लांब दांड्याच्या पळीने भोकातला चुरा उपसावा लागे. चुरा साठला की घणाचा घाव खडकापर्यंत पोचतच नसे. १८६१ च्या सुमारास घाटावर चाळीस हजारांहून अधिक माणसं राबत होती. रोगराईने आणि अपघातांनी त्यांतली किती दगावली याची नोंद नीट ठेवली गेली नाही, पण त्यांनी पाडलेले काही बोगदे आजही वापरात आहेत.

बोरघाटाचं कंत्राट घेतलेले सॉलोमन ट्रेडवेल १८५९ च्या सप्टेंबरमध्ये इथे आले आणि थोड्याच दिवसांत वारले. पुढे त्यांची पत्नी अ‍ॅलिस यांनी कंत्राट तडीस नेलं. ट्रेडवेल इथे येण्याच्या जेमतेम महिनाभर आधी, २७ ऑगस्ट १८५९ रोजी, अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या टायटसव्हिल इथे एडविन ड्रेक यांच्या विहिरीला सुमारे २१ मीटरवर तेल लागलं होतं. त्यांचं अवजारही घाटातल्या पहारीच्याच जातीचं, म्हणजे दोरीला टांगलेली जड छिन्नी उचलायची आणि आपटायची. चीनमधल्या झिगाँगच्या मिठागरांत याच आपटण्याच्या पद्धतीने १८३५ साली एक विहीर १००१ मीटरपर्यंत नेली होती, तीही बांबूच्या सामानावर. ड्रेक यांची खरी भर वेगळी आहे. वरची भुसभुशीत माती भोकात ढासळत होती, म्हणून त्यांनी लोखंडी नळी ठोकत थेट खडकापर्यंत नेली आणि तिच्या आतून खोदाई केली. आपल्याकडे बोअर मारताना मुरूम संपेपर्यंत केसिंग घालतात, ती हीच युक्ती.

आपटण्याच्या पद्धतीचं दुखणं भुग्याचंच होतं. काही फूट खोदलं की छिन्नी वर ओढायची, बादली खाली सोडायची, चुरा उपसायचा, पुन्हा छिन्नी सोडायची. विहीर खोल जाईल तसा वेळ या वर-खाली करण्यातच जाई. उपाय निघाला तो पोकळ रॉड गोल फिरवण्यातून. रॉडच्या पोटातून पाणी खाली सोडायचं, ते बिटाशी बाहेर पडून बाजूच्या फटीतून भुग्यासकट वर येणार, आणि खोदाई थांबवावी लागणार नाही. टेक्सासमधल्या स्पिंडलटॉपला अँथनी लुकास यांची विहीर अशीच खोदली जात होती. तिथल्या सैल वाळूत साधं पाणी पुरेना, तेव्हा खोदणाऱ्या हॅमिल बंधूंनी पाण्यात माती कालवली. डबक्यात गुरं फिरवून चिखल केला असंही सांगतात. दाट चिखलाने भुगा उचलून धरला आणि भोकाच्या भिंतींना लेप देऊन त्या ढासळू दिल्या नाहीत. १० जानेवारी १९०१ रोजी ती विहीर सुमारे साडेतीनशे मीटरवर फुटली आणि तेलाच्या धंद्याचं माप बदललं. आज तेलविहिरीत फिरणारा बेंटोनाइट मातीचा चिखल त्याच चिखलाचा वंशज आहे. तो भुगा वर आणतो, बिट थंड ठेवतो, भिंत सावरतो आणि खालचा वायू स्वतःच्या वजनाने दाबून धरतो.

भुग्याची वाट मोकळी झाली, आता दाताची पाळी आली. फिरत्या रॉडच्या टोकाला तेव्हा माशाच्या शेपटीसारखं पातं असे. मऊ मातीत ते छान चाले, पण कठीण खडक लागला की बोथट होऊन नुसतं घासत राही. १९०९ साली हॉवर्ड ह्यूज (थोरले) यांना दोन शंकूंच्या बिटाचं पेटंट मिळालं. या बिटात पातं नव्हतं. दातेरी शंकू रॉडच्या वजनाखाली खडकावर लोळत आणि प्रत्येक दात आळीपाळीने दाबून खडकाचा टवका काढत असे. गूज क्रीक इथल्या पहिल्या चाचणीत, आधीची अवजारं जिथे हरली होती त्या खडकात, या बिटाने अकरा तासांत चौदा फूट मजल मारली. १९३३ साली त्यांच्याच कंपनीतल्या अभियंत्यांनी तिसरा शंकू जोडला, आणि तो तीन शंकूंचा ट्रायकोन बिट अजून जगभर वापरात आहे. १९५१ पासून त्याच्या पोलादी दातांच्या जागी टंगस्टन कार्बाइडची बटणं बसू लागली आणि कठीण चुनखडी, गारगोटीचे थर आवाक्यात आले.

१९७० च्या दशकात पुढचं पाऊल पडलं. अमेरिकेतल्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीने कृत्रिम हिऱ्याची भुकटी प्रचंड दाबाखाली, प्रचंड उष्णतेत कार्बाइडच्या चकतीवर बसवून तिचा एकसंध थर केला. अशा चकत्या लावलेल्या बिटाला पीडीसी बिट म्हणतात. त्यात फिरणारे शंकू नाहीत, बेअरिंग नाही, म्हणून खोल विहिरीत सुटून पडायलाही काही नाही. दाबून टवका काढण्याऐवजी तो खडकाची साल काढत जातो, आणि खडक कापला जायला दाबला जाण्यापेक्षा पुष्कळ कमी जोर लागतो. आज जगात तेल-वायूसाठी होणाऱ्या खोदाईतला मोठा वाटा या बिटांचा आहे.

मग हा हिऱ्याचा बिट कर्जतच्या बोअरवर का दिसत नाही? कारण बिट कोणता हे खडक ठरवतो. पीडीसीची हुकूमत चालते ती शेल, वाळूचा खडक, चुनखडी अशा गाळाच्या थरांत. फेब्रुवारी १९७४ मध्ये ‘सागर सम्राट’ या सागरी खोदाईयंत्राने मुंबई हायवर ज्या थरात तेल शोधलं तोही चुनखडीचाच. आपला काळा पाषाण लाव्हा थिजून झालेला आहे. घट्ट बेसॉल्ट इमारतीतल्या साध्या काँक्रीटपेक्षा कैक पट दाब सोसतो आणि त्यात मध्येच भेगा, मध्येच सच्छिद्र पट्टे असतात. हिऱ्याची चकती कठीण असली तरी ठिसूळ असते. अशा खडकात बसणारे हादरे आणि घर्षणाची उष्णता तिला मानवत नाही. कठीण कातळाला ठोकाच लागतो.

तो ठोका शंभर-दोनशे मीटर खोल पोचवण्याची युक्ती १९५० च्या दशकात रुळली. मनोऱ्यावरून रॉडच्या डोक्यावर घाव घातला तर त्याची ताकद रॉडच्या लांबीत जिरते. म्हणून हातोडाच भोकाच्या तळाशी पाठवायचा. कंप्रेसरची दाबाखालची हवा पोकळ रॉडमधून खाली जाते आणि हॅमरच्या नळकांड्यातला दट्ट्या वर-खाली नाचवते. तो दट्ट्या बिटावर मिनिटाला हजाराहून अधिक ठोके देतो. रॉड मात्र अगदी सावकाश फिरतो, एवढ्यासाठी की प्रत्येक ठोक्याला बटण नव्या जागी बसावं. काम झालेली तीच हवा बिटाच्या तोंडातून बाहेर पडते आणि भुग्याला सेकंदाला पंधरा-वीस मीटर वेगाने उडवत वर आणते. एकाच हवेने फोडायचं आणि एकाच हवेने झाडायचं, हे या शोधाचं मर्म आहे. कातळाची भिंत आपली आपण उभी राहते, म्हणून इथे चिखल लागत नाही. १९६७ च्या सुमारास दुष्काळी भागांसाठी युनिसेफने असे रिग भारतात आणले आणि ज्या बोअरला आधी आठवडेच्या आठवडे लागत ती एका दिवसावर आली. महाराष्ट्रात जालना आणि सोलापूरला घडलेले हातपंप आणि त्यांतून पुढे आलेला इंडिया मार्क-२ हे याच लाटेवरचे आहेत. यंत्राने भराभर बोअर पडू लागली, तेव्हा तिच्यावर टिकाऊ पंप बसवणं भाग पडलं.

गाडी थांबली असेल तेव्हा साडेसहा इंची बिट जवळून पाहून घ्यावा. पोलादी तोंडावर अर्धगोल बटणं बसवलेली असतात, काही मध्ये, काही कडेने. मधली बटणं तळ फोडतात आणि कडेची भोकाचं माप राखतात, त्यामुळे आधी झिजतात ती कडेचीच. त्यांचा गोलवा जाऊन सपाटी आली की ठोका पसरतो, भुगा जाड होण्याऐवजी पिठासारखा बारीक येतो आणि खोदाईचा वेग पडतो. अनुभवी ऑपरेटर भुग्याच्या पोतावरून हे ओळखतो आणि बिट काढून बटणं पुन्हा घासून गोल करून घेतो. कडेची झीज झाली की भोक खाली अरुंद होत जातं. अशा भोकात नवाकोरा, पूर्ण मापाचा बिट सोडला तर तो अडकतो आणि हॅमरसकट खालीच राहू शकतो. म्हणून जाणता माणूस बिट मोठ्या मापाकडून लहान मापाकडे, अशा क्रमाने वापरतो.

हवेच्या हॅमरलाही मर्यादा आहेत. भोकात पाणी भरू लागलं की त्या पाण्याचा भार हवेला उलटा ढकलतो आणि ठोक्यातली ताकद घटते. तेलविहिरीत तर हवा वायूला दाबूनही धरू शकत नाही, तिथे चिखल हवाच. आणि आपला कातळ किती जाड आहे? कोयनेच्या भूकंपांचा अभ्यास करण्यासाठी गोठणे इथे २०१७ साली तीन किलोमीटर खोल भोक पूर्ण झालं, त्यात बेसॉल्ट संपायला सुमारे साडेबाराशे मीटर जावं लागलं. त्याखाली ग्रॅनाइटी खडक लागला. हाच बेसॉल्ट पश्चिमेला समुद्राखाली उतरतो आणि तेल देणाऱ्या गाळाच्या थरांचा तळ होतो. मुंबईजवळच्या हीरा क्षेत्रात या तळाच्या भेगांतूनही तेल निघालं आहे. आपल्या बोअरला पाणी देणारी भेग आणि तिथे तेल देणारी भेग एकाच लाव्ह्याच्या जातीची आहे.

एका बाबतीत मात्र तेलविहीर आपल्या बोअरच्या फार पुढे आहे. तिथे भुगा तपासल्याशिवाय फेकून देत नाहीत. दर काही मीटरला नमुना घेतात, तो तळातून वर यायला किती वेळ लागला याचा हिशेब करून कोणत्या खोलीचा आहे हे ठरवतात आणि भूवैज्ञानिक तो सूक्ष्मदर्शकाखाली पाहतो. आपल्याकडे तोच भुगा बांधावर पडतो आणि पहिल्या पावसात वाहून जातो. त्यात सगळी माहिती असते. आधी पिवळसर मुरूम, मग राखाडी पीठ म्हणजे घट्ट पाषाण, मध्येच विटकरी रंग आला तर दोन लाव्हाप्रवाहांमधला लाल मातीचा थर, आणि जाडसर ओला चुरा म्हणजे भेग जवळ आली. शेजारच्या शेतकऱ्याला ही माहिती मिळाली तर त्याची एक कोरडी बोअर वाचते. महाराष्ट्राच्या २००९ च्या भूजल अधिनियमात विहिरी आणि खोदाईयंत्रांच्या नोंदणीची तरतूद आहे, पण कागदावरची नोंद आणि शेतातली नोंद यांत अजून बरंच अंतर आहे.

म्हणून या उन्हाळ्यात ज्यांच्या दारी बोअरची गाडी येणार आहे त्यांना एक विनंती. दर दहा फुटांना मूठभर भुगा छोट्या पिशवीत भरा आणि वर खोली लिहा. केसिंग किती फूट घातली, पाणी कितीव्या फुटावर लागलं, किती इंची लागलं हे वहीत उतरवा, आणि तिची एक प्रत ग्रामपंचायतीत द्या. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयालाही अशी नोंद कामाची असते. बोअर कोरडी गेली तर तिचं तोंड त्याच दिवशी पक्कं बंद करा. उघड्या बोअरमध्ये मुलं पडतात म्हणून सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली याबद्दल स्पष्ट निर्देश दिले आहेत. बिट कितीही सुधारला तरी खाली काय आहे हे भुगाच सांगतो, आणि तो जपून ठेवायला पिशव्यांच्या किमतीपलीकडे काही खर्च येत नाही.

(पुढील लेखांक : विहीर उसळते तेव्हा तिचं तोंड आवळणारी झडप – ब्लोआउट प्रिव्हेंटर)