डायनासोरचं अंडं नेमकं कोणाचं, हे कसं ओळखतात?

1923 मध्ये मंगोलियाच्या गोबी वाळवंटात अमेरिकन संशोधकांना लांबट अंड्यांचं घरटं सापडलं. त्यावर एका अनोळखी डायनासोरचा सांगाडा होता. त्या भागात प्रोटोसेरॅटॉप्सची हाडं भरपूर मिळत असल्यामुळे अंडी त्याचीच मानली गेली. मग वर बसलेला प्राणी तिथे काय करत होता? अंडी चोरायला आला असणार! 1924 मध्ये त्याचं नाव ठेवलं गेलं 'ओव्हिरॅप्टर', म्हणजे अंडीचोर.

हा 'चोर' निर्दोष ठरायला सुमारे 70 वर्षं लागली. 1993 मध्ये गोबीतच तशाच एका अंड्यात भ्रूणाची हाडं मिळाली. भ्रूण ओव्हिरॅप्टरच्याच कुळातला होता. म्हणजे ज्याला चोर ठरवलं, तो बहुधा स्वतःचीच अंडी उबवत होता. नावं देण्याच्या नियमांनुसार जुनं नाव मात्र कायम राहिलं.

अंड्यांना वेगळी नावं का?

अंड्यात भ्रूण सापडणं फार दुर्मीळ आहे. शेजारी हाडं मिळाली म्हणून अंडी त्याच प्राण्याची ठरत नाहीत. म्हणून शास्त्रज्ञ अंड्यांचं वर्गीकरण प्राण्यांपासून वेगळं ठेवतात. अंड्यांची स्वतंत्र कुळं, प्रजाती आणि जाती असतात. चीनचे शास्त्रज्ञ झाओ झिकुई यांनी 1975 मध्ये या पद्धतीचा पाया घातला. मेगालूलिथस, इलाँगाटूलिथस अशा अनेक नावांच्या शेवटी 'ऊलिथस' येतं. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ 'दगडी अंडं'.

काय तपासतात?

आधी अंड्याचा आकार, लांबी-रुंदी, कवचाची जाडी आणि पृष्ठभागावरची नक्षी पाहतात. खरी ओळख मात्र कवचाच्या आत असते. कवचाचा पातळ काप घासून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला की कॅल्साइटचे स्फटिक कसे रचले आहेत आणि हवेची छिद्रं कशी आहेत, ते दिसतं. मेगालूलिथसच्या कवचात हे स्फटिक पंख्यासारखे पसरलेले असतात. मांसाहारी डायनासोरांच्या गटातल्या, म्हणजे थेरोपॉडांच्या कवचात सहसा दोन किंवा अधिक थर दिसतात. ओव्हिरॅप्टर याच गटातला आणि पक्षीही याच गटातून आले.

भारतातली अंडी

मध्य प्रदेशातल्या धार जिल्ह्यात, नर्मदा खोऱ्यात 92 घरटी आणि 256 अंडी सापडल्याचं संशोधन 2023 मध्ये प्रसिद्ध झालं. बहुतेक अंडी 15 ते 17 सेंटीमीटर व्यासाची आहेत. त्यांत अंड्यांच्या सहा जाती ओळखल्या गेल्या. ही अंडी लांब मानेच्या, शाकाहारी टायटॅनोसॉरची मानली जातात. त्याचा आधार अर्जेंटिनात आहे: तिथल्या औका महुएव्हो इथे अशाच प्रकारच्या अंड्यांत टायटॅनोसॉरचे भ्रूण मिळाले आहेत.

अर्थात, अंड्यांच्या सहा जाती म्हणजे सहा प्रकारचे डायनासोर, असं थेट म्हणता येत नाही. दोन वेगळ्या प्राण्यांची अंडी सारखी असू शकतात आणि एकाच जातीच्या अंड्यांतही थोडाफार फरक पडू शकतो.

मग प्रोटोसेरॅटॉप्सची अंडी कुठे गेली?

याचं उत्तर 2020 मध्ये मिळालं. त्याच्या अंड्यांचं कवच कासवाच्या अंड्यांसारखं मऊ होतं. अशी कवचं सहसा कुजून जातात, त्यांचा दगड क्वचितच होतो. त्यामुळे जी अंडी आपल्याला सापडतात, ती मुख्यतः टणक कवचाचीच असतात.