आधीची ओळ पुन्हा हजर

पायथनच्या प्रॉम्प्टवर लांबलचक ओळ टाइप केली आणि एक कंस राहून गेला, तर ती नव्याने लिहावी लागत नाही. वरच्या बाणाचे बटण दाबले की ती जशीच्या तशी समोर येते. कंट्रोल-ए आरंभी नेते, कंट्रोल-ई शेवटी.

लिनक्सवर ही सोय वर्षानुवर्षे ‘रीडलाइन’ लायब्ररीने पुरवली. ती मुळात ब्रायन फॉक्स यांची; बॅश शेलही तीच वापरते.

खरी कमाल टॅबची. ‘मॅथ’ मॉड्यूल इम्पोर्ट करून त्याचे नाव आणि टिंब लिहून टॅब दाबला, की प्रॉम्प्ट मेमरीतले ते मॉड्यूलच तपासतो आणि त्यातली नावे दाखवतो. नवशिक्यासाठी हे फार मोलाचे, कारण पाठांतराचे ओझे उतरते.

टाइप केलेल्या ओळी प्रॉम्प्ट बंद केल्यावरही एका फाइलीत राहतात. २०२४ मध्ये आलेल्या ३.१३ आवृत्तीत तर अख्खे फंक्शन एकदम परत बोलावून दुरुस्त करता येऊ लागले.